घरबसल्या कामाची छाट

‘घरबसल्या’ हा शब्द मला जाहिरातीतून कळला नाही. तो मी आमच्या ओसरीवर पाहिला.

मी रामटेकचा. माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या अखेरीला, दुपारची जेवणं आटोपली की अम्मी, माझी खाला आणि शेजारच्या वस्तीतल्या दोन-तीन मावश्या मांडीवर सूप घेऊन ओसरीवर बसायच्या. सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, जर्दा, सुताचं रीळ, कैची आणि पत्र्याचा फर्मा. फर्मा पानावर ठेवायचा, कैचीनं पान कातरायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, सूत बांधायचं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांची हजारी. हात चालू आणि तोंडही चालू. कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोराला गडावर माकडानं ओरबाडलं, सगळ्या गावच्या गोष्टी त्या सुपांतून पाखडल्या जायच्या.

संध्याकाळी माल घेऊन सट्टेदाराकडे जायचं. सट्टेदार म्हणजे विडीचा कारखानदार आणि विडी वळणारी बाई यांच्या मधला माणूस. कारखानदार पानं आणि जर्दा त्याला द्यायचा, तो घरोघरी वाटायचा आणि तयार विड्या गोळा करायचा. या पद्धतीला मध्य प्रांतात आणि आपल्या विदर्भात सट्टेदारी म्हणत. कारखानदाराला ती फार सोयीची होती. छप्पर बांधायला नको, हजेरीपट नको, दिवाबत्ती नको. आणि कामगारांचा कायदा दाराशी आलाच तर हात वर करायला मोकळा, की या बाया माझ्या कामगारच नाहीत, त्या आपापल्या घरी बसून वळतात!

सट्टेदाराची लबाडी दोन ठिकाणी चालायची. हजार विड्यांना जेवढी पानं लागतात त्याहून तो कमी मोजायचा. उरलेली पानं बाईनं पदरच्या पैशानं आणायची. आणि दुसरी जागा म्हणजे छाट. कट्टे समोर ठेवले की तो मूठमूठ विड्या बाजूला काढायचा. ही वाकडी, ही सैल, हिचं तोंड उघडं. छाटलेल्या विडीचे पैसे नाहीत, आणि छाटलेली विडी परतही नाही. ती पुढे कुठे जायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. अम्मी फार बोलणारी नव्हती, पण ती तिथून हलायची नाही. म्हणायची, “भाऊ, गिनती हमारे सामने.” आणि आमच्या शेजारच्या मावशी तर त्याच्या हातातली विडी काढून घेत. “कायची वाकडी हाय गा? दाखव न जरा!” पाच-सहा बाया एकदम उभ्या राहिल्या की सट्टेदाराची मूठ जरा लहान व्हायची.

ही मूठ लहान करण्याची लढाई आमच्या ओसरीच्या फार आधीपासून चालू होती. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांचं नाव आज लोक घेतात ते ‘जय भीम’ या अभिवादनासाठी. ते योग्यच आहे. पण या माणसानं रामटेक, कामठी, नागपूर, गोंदिया भागातल्या विडी कामगारांना संघटित केलं होतं, सहकारी तत्त्वावर विडीकाम चालवून बघितलं होतं, हे फार थोड्यांना आठवतं. १९०४ साली जन्मलेले हरदास १९३७ मध्ये मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेले. त्यांच्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १९६६ साली, विडी आणि सिगार कामगारांचा कायदा संसदेनं केला. घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे, हे त्या कायद्यानं पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं. महाराष्ट्राच्या नियमांत तर छाटीवरच बोट ठेवलं गेलं: सर्वसाधारणपणे शंभरात पाचांहून जास्त विड्या छाटायच्या नाहीत, आणि बाईनं मुद्दाम हयगय केलेली नसेल तर छाटलेल्या विड्यांचेही निम्म्या दरानं पैसे द्यायचे. कारखानदार याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ साली न्यायालयानं कायदा उचलून धरला.

नियम झाला म्हणून रामटेकच्या सट्टेदाराची मूठ एका रात्रीत सुधारली, असं मी म्हणणार नाही. मी ती मूठ पाहिलेली आहे. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही राग आहे. पण एक गोष्ट त्याच्याकडून कधी झाली नाही. काम देण्यासाठी त्यानं अम्मीकडे पैसे मागितले नाहीत. माल तो द्यायचा, मजुरी तो द्यायचा. कमी द्यायचा, रडवून द्यायचा, पण पैसा त्याच्याकडून आमच्या घराकडे यायचा. घरबसल्या कामाचा पैसा उलट्या दिशेनं जातो, हे मला कळलं ते १९८९ साली. तेही अशा रीतीनं की पुढची पस्तीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होतो. वाचनालयात एक मासिक यायचं. त्याच्या शेवटच्या पानांवर चौकटीतल्या छोट्या जाहिराती असत. कुठे उंची वाढवण्याचं औषध, कुठे संमोहन शिका, कुठे नटाचा चेहरा ओळखा आणि ट्रान्झिस्टर जिंका. ट्रान्झिस्टर अर्थातच व्ही. पी. नं येणार! आमच्या गल्लीत एकानं नटाचा चेहरा बरोबर ओळखला होता. चेहरा असा की आंधळ्यानंही ओळखावा. पोस्टमननं पैसे घेऊन खोकं हाती ठेवलं, आणि खोक्यात ट्रान्झिस्टरच्या आकाराचं प्लॅस्टिकचं डबडं निघालं. गंमत अशी, की पैसे भरल्याशिवाय खोकं उघडता येत नाही, आणि खोकं उघडल्यावर पैसे परत मागता येत नाहीत. व्ही. पी. ची सोय आपल्या टपाल खात्यानं १८७७ साली सुरू केली आणि मनीऑर्डर १८८० साली पोस्टाकडे आली. दोन्ही फार उपकारक. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्याच्या घरची चूल मनीऑर्डरवर पेटायची. पण ज्या वाटेनं अनोळखी गावाहून पैसा घरी येऊ शकतो, त्याच वाटेनं तो अनोळखी गावाला जाऊही शकतो.

मी वाचलेली जाहिरात ट्रान्झिस्टरची नव्हती. ती होती ‘घरबसल्या पत्ते लिहा, दरमहा ८०० रुपये कमवा. सुशिक्षितांस प्राधान्य.’ त्या ‘सुशिक्षितांस’नं माझा घात केला. कविता लिहिणाऱ्या मुलाचं अक्षर चांगलं असतंच. आता त्या अक्षराचे पैसे मिळणार! पत्ता म्हणजे दूरच्या एका शहरातला पोस्ट बॉक्स क्रमांक. साहित्यासाठी चाळीस रुपये मनीऑर्डरनं पाठवायचे. मी अम्मीला सांगितलं, परीक्षेच्या फॉर्मचे पैसे आहेत. तिनं पिठाच्या डब्यामागून रुमालाची गाठ काढली आणि सुट्या नोटा मोजून दिल्या. तिनं विचारलं नाही की फॉर्म मागच्याच महिन्यात भरला होता ना?

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. आत सायक्लोस्टाईल केलेला एक कागद. त्यात लिहिलं होतं: आपणही अशीच जाहिरात आपल्या भागातील वृत्तपत्रात द्यावी, येणाऱ्या प्रत्येकाकडून चाळीस रुपये मागवावेत आणि त्यास हाच मजकूर पाठवावा. लिहायचे पत्ते म्हणजे हेच! माझ्यासारख्या पुढच्या मूर्खांचे पत्ते. मी तसं केलं नाही. प्रामाणिक होतो म्हणून नव्हे, खरं सांगायचं तर जाहिरातीला लागणारे पैसे नव्हते.

हा खेळ आपल्याकडचा नाही, हे मला खूप नंतर वाचनातून कळलं. अमेरिकेत १९२९ नंतरच्या महामंदीच्या काळात ‘घरी बसून पाकिटं भरा’ अशा जाहिराती निघत आणि पैसे पाठवणाऱ्याला जवळपास हाच कागद मिळे. तो प्रकार तिथे इतका चिवट निघाला, की २०१२ साली लागू झालेल्या सरकारी नियमात या पाकिटं भरण्याच्या कामाचीही दखल घ्यावी लागली. ज्याच्या नावानं असल्या योजनांना आज ‘पाँझी’ म्हणतात तो चार्ल्स पाँझीही १९२० साली बोस्टनमध्ये पोस्टाचीच कुपनं पुढे करून पैसे गोळा करत होता. पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा! पहिल्यांना दिला दुसऱ्यांच्या पैशातून, दुसऱ्यांना तिसऱ्यांच्या.

आपल्याकडे १९५५ च्या ‘श्री ४२०’ मध्ये राज कपूरचा नायक शंभर रुपयांत घर देण्याची योजना विकतो. म्हणजे असल्या कथेवर आपण हसलोही आहोत आणि रडलोही आहोत. १९७८ साली संसदेनं बक्षिसाच्या चिठ्ठ्या आणि साखळी करून पैसा फिरवण्याच्या योजना यांवर बंदीच घातली. कायदा स्पष्ट होता. मग पुढे पोस्ट बॉक्स गेला आणि संगणक आला. संगणकात काहीतरी चालतंय म्हणजे ते खरंच असणार, असा एक भाबडा आदर आपल्या सुशिक्षित घरांत होता. त्या आदरावर जी मोठी इमारत उभी राहिली तिचं नाव स्पीक एशिया.

सिंगापूरमध्ये नोंदलेली ही कंपनी २०१० च्या सुमाराला भारतात पसरली. अकरा हजार रुपये भरून वर्षाचं सदस्यत्व घ्यायचं. आठवड्याला दोन पाहण्या संगणकावर भरायच्या. तुम्ही कोणता साबण वापरता, कोणता फोन आवडतो, असले प्रश्न. प्रत्येक पाहणीचे पाचशे, म्हणजे आठवड्याला हजार, म्हणजे वर्षाला बावन्न हजार. शिवाय नवा सदस्य आणला की वेगळं. सुरुवातीला पैसे खरोखरच येत. तोच तर सापळ्यातला दाणा. २०११ च्या मध्यावर पैसे थांबले, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं तपास हाती घेतला, अटका झाल्या. सुमारे चोवीस लाख लोक आणि २,२७६ कोटी रुपये, असे आकडे तपासातून पुढे आले. याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. पैसे अडकल्यावरही कितीतरी सदस्य कंपनीच्याच बाजूनं उभे राहिले. फसलो हे कबूल करण्यापेक्षा कंपनीवर अन्याय झाला असं म्हणणं मनाला सोपं जातं.

मी कलेचा पदवीधर, गणित बेताचं. तरी हा हिशेब तुम्ही माझ्याबरोबर करा. मी अकरा हजार भरले आणि मला बावन्न हजार द्यायचे आहेत. पाहणीला मोबदला देणारं खरं गिऱ्हाईक कुणी नसेल, तर माझे पैसे पाच नव्या माणसांकडून यायला हवेत. त्या पाचांना द्यायला पंचवीस हवेत. पंचवीसांना सव्वाशे. कागदावर पाचाची पटच तर मांडायची आहे. दहाव्या पायरीला जवळजवळ अठ्ठ्याण्णव लाख माणसं लागतात. आणि तेराव्या पायरीला? एकशे बावीस कोटी. २०११ च्या जनगणनेत पाळण्यातल्या बाळापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्या भारताची लोकसंख्या होती एकशे एकवीस कोटी. फक्त तेरा पायऱ्या, आणि देश संपतो! आमच्या गडाला याहून किती जास्त पायऱ्या आहेत.

पुढे २०१७ च्या फेब्रुवारीत नोएडातली ‘सोशल ट्रेड’ उघडकीला आली. एका टिचकीला पाच रुपये, आणि त्यासाठी आधी हजारोंचा भरणा. पोलिसांनी आकडा सांगितला ३,७०० कोटी. कथा तीच, म्हणून त्यात शिरत नाही.

आता घरातली गोष्ट.

डिसेंबर २०२४. रात्री अकराच्या पुढे फोन वाजला. माझी भाची, मनसरला राहते. बी. कॉम. झालेली, पदरात तीन वर्षांचं मूल, नवरा नागपूरला कामाला. “मामू, सो गए क्या?” आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. (आमच्या घरातली बोली अशी, आणि लिहायची मात्र मराठी. विदर्भातल्या कितीतरी मुसलमान घरांत या दोन्ही एका ताटात जेवतात.) ती म्हणाली, “मामू, वारंट में घर आ के पकडते क्या?”

सकाळी पहिल्या बसनं मनसर गाठलं. तिनं फोन उघडून एकेक दाखवलं. ‘घरबसल्या डेटा एन्ट्री, गृहिणींसाठी उत्तम संधी.’ फी नाही, काही नाही. एका मुलीचा गोड फोन. मग ई-मेलवर करारनामा, स्टँप पेपरचं चित्र असलेला, अकरा महिन्यांचा. सही बोटानंच करायची. पाच दिवसांत पाचशे फॉर्म भरायचे, फॉर्मला तीस रुपये. पंधरा हजार! अट एकच: शंभरातले नव्वद बरोबर हवेत. पोर रात्र-रात्र जागली. मूल झोपलं की फोन हातात. चौथ्या दिवशी संकेतस्थळ दिवसभर बंद. पाचव्या दिवशी निकाल: तुमचं काम ब्याऐंशी टक्केच बरोबर, तुम्ही नापास. कोणते फॉर्म चुकले ते दाखवत नाहीत.

मी ते वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर सट्टेदाराची मूठ आली. ही वाकडी, ही सैल. अगदी तीच छाट. फरक इतकाच की अम्मीला समोर उभं राहून ‘गिनती हमारे सामने’ म्हणता येत होतं. इथे समोर कुणीच नव्हतं, आणि शेजारी विडी हिसकावून घेणारी मावशीही नव्हती. सट्टेदार छाटलेल्या विड्यांचे पैसे कापायचा. याची छाट त्याच्याही पुढची. नापास झालात म्हणून करारभंग, करारभंगाचे ५,९०० रुपये भरा. ते भरले. मग ‘ना हरकत प्रमाणपत्रा’चे ८,५००. तेही भरले, कानातले झुमके गहाण ठेवून. मग कुणी ‘वकीलसाहेब’, मग न्यायदेवतेचं चित्र असलेली नोटीस, मग केस मागे घेण्याचे बावीस हजार, संध्याकाळी सहाच्या आत, नाहीतर पोलीस घरी येतील. नवऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आमच्या गावाला निरोपांचं वावडं नाही. रामटेक म्हणजेच कालिदासाची रामगिरी, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. तिथल्या यक्षालासुद्धा कामात कसूर केली म्हणूनच वर्षभराची शिक्षा झाली होती. पण कुबेरानं त्याच्याकडून करारभंगाचे ५,९०० मागितल्याचं कालिदासानं कुठे लिहिलेलं नाही.

माझ्या एका वकील मित्राला तो करारनामा दाखवला. त्यानं चष्मा वर केला. स्टँप पेपर दुसऱ्याच राज्याचा, त्यावरची तारीख चार वर्षांपूर्वीची. नोटिशीवर वकिलाचा सनद क्रमांक नाही. पैसे गेले ते कंपनीच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या खात्यात, आणि दर वेळी वेगळ्या. मित्र म्हणाला, “अरे, करार मोडला तर तो दिवाणी मामला. फॉर्म चुकले म्हणून पोलीस बेड्या घालायला येत नाहीत. आणि कोर्ट समन्स पाठवतं, पण ‘अमक्या नंबरवर सहाच्या आत पैसे टाका’ असं कोर्ट म्हणत नाही.” त्यानं भाचीला एकच ओळ लिहायला सांगितली: आपली नोटीस रजिस्टर पोस्टानं माझ्या पत्त्यावर पाठवावी. ती ओळ गेली आणि सगळे फोन बंद. पोस्टानं एकेकाळी मला बुडवलं होतं. पस्तीस वर्षांनी त्याच पोस्टाच्या नावानं हिला सोडवलं.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली. १९३० या क्रमांकावर फोन केला. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा क्रमांक. २०२१ मध्ये सुरुवातीला तो १५५२६० होता. पलीकडच्या माणसानं पहिला प्रश्न विचारला: पैसे कधी पाठवले? बारा दिवस झाले होते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवले जातात. घटकाभरात कळवलं तर मधेच कुठेतरी ते गोठवता येतात. बारा दिवसांनी फक्त त्यांची वाट दिसते. व्यवहाराचे क्रमांक, संदेशांची चित्रं, नोटीस, सगळं आम्ही जोडून दिलं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आहे, त्यामुळे जुनं कलम ४२० आता ३१८ झालं. ‘चारसोबीस’ हा शब्द मात्र आपल्या तोंडून जाईल असं वाटत नाही. चौदा हजार चारशे रुपये अद्याप परत आलेले नाहीत. येतील असं मी तिला सांगितलेलं नाही.

त्याच दिवसांत मी या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या शिफारशीवरून अर्धवेळ कामाच्या नावानं लुबाडणारी शंभराहून अधिक संकेतस्थळं बंद करण्यात आली होती. त्या निवेदनात सापडणाऱ्यांची नावं नव्हती, पण वर्णन होतं: निवृत्त कर्मचारी, महिला, आणि अर्धवेळ काम शोधणारे बेरोजगार तरुण. म्हणजे ज्यांना घराबाहेर काम मिळत नाही किंवा बाहेर जाता येत नाही ते सगळे. अशा कामांत व्हिडिओला पसंती द्या म्हणतात, पहिले दीडशे रुपये खरेच पाठवतात, मग मोठ्या कामासाठी आधी हजार, मग पाच हजार भरायला लावतात. पडद्यावर तुमची कमाई फुगत जाते, आणि काढायला गेलात की आधी कर भरा म्हणतात. नटराज पेन्सिल घरी बसून पॅक करा, अशीही एक जाहिरात वर्षानुवर्षं फिरते आहे. त्या पेन्सिली बनवणाऱ्या कंपनीचा तिच्याशी काही संबंध नाही. पेन्सिली कारखान्यात यंत्रावर भरल्या जातात, त्या मनसरला कोण कशाला पाठवील?

आणि वाचता वाचता मी एका बातमीपाशी थांबलो. हे संदेश पाठवणारे सगळेच गुंड नसतात. आपलीच कितीतरी पोरं थायलंडमध्ये संगणकावर चांगली नोकरी, डेटा एन्ट्री, असल्या जाहिरातींना भुलून जातात आणि तिथून कंबोडियात किंवा म्यानमारच्या सरहद्दीवर कोंडली जातात. पारपत्र काढून घेतलं जातं, आणि दिवसभर फोनवरून लोकांना फसवण्याचं काम दिलं जातं. मार्च २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं की कंबोडियातून सुमारे २५० भारतीयांना सोडवलं आहे. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानानं थायलंडमार्गे एका फेरीत २८३ जणांना आणलं. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “वो लडकी का आवाज अच्छा था, मामू.” तिला फोन करणारी मुलगी अशांपैकी होती की सुरतेत-दिल्लीत पंख्याखाली बसलेली होती, हे कळायला मार्ग नाही.

तक्रार देऊन परत येताना मी तिला विचारलं, पहिल्याच मागणीला का नाही बोललीस? ती म्हणाली, “क्या बोलती? बी. कॉम. हो के फसी, बोलते सब. अनपढ रहती तो चलता.” तिच्या तोंडची ही ओळ मी १९८९ साली मनातल्या मनात पाठ केली होती. सुशिक्षितांस प्राधान्य!

घरी गेल्यावर तिनं चहा टाकला. मी तिला चाळीस रुपयांची गोष्ट सांगितली. मासिक, पोस्ट बॉक्स, सायक्लोस्टाईलचा कागद, पिठाच्या डब्यामागची गाठ. अम्मी २००९ साली गेली. तिला ती गोष्ट मी सांगितली नाही ती नाहीच. भाची आधी हसली. मग बोटांवर काहीतरी मोजू लागली. तेव्हा हजारीला काय मिळायचं, तिनं विचारलं. मी आठवून सांगितलं.

“मतलब नानी की तीन हजार बिडी,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “छाट धरली तर जास्तच.”

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)